आजोबांची सीजे-३बी पेट्रोल जीप घरीच दुरुस्त करायची आहे, सुरुवात कुठून करू? (नागपूर)

संत्राबाग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा विचारते.

काटोलजवळ मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथं गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये आजोबांची जीप उभी होती. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल, उंच बोनेटवाली, आरसीवर वर्ष १९६८. आजोबा गेल्यापासून तिला कोणी हात लावला नाही. यंदा भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला, तेव्हा मामांनी फोन केला, "तुला पाहिजे असेल तर या हप्त्यात घेऊन जा, नाहीतर मी देऊन टाकतो." टेम्पोत लादून मानेवाड्याला आणली. आता ती पोर्चमध्ये आणि माझी स्कूटर गेटबाहेर.

अवस्था सांगते. समोरून हॅन्डल लावलं तर इंजिन तसूभरही हलत नाही. ब्रेकचं पेडल सरळ खाली जातं आणि खालीच राहतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका खाल्लाय की पोर्चची फरशी दिसते. सीटा उंदरांनी संपवल्या. चारही टायरला भेगा. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी तांबूस चिखल. चांगलं म्हणावं असं एवढंच की काहीच गायब नाही. कार्बुरेटर, डायनमो, एअर क्लीनरचा डबा, फोर-व्हीलचे दोन्ही छोटे लिव्हर, अगदी हॅन्डलसुद्धा जागेवर आहे. डॅशवर टेकडीच्या गणपतीचं जुनं स्टिकर आहे, ते निघता कामा नये असं आईनं आधीच बजावून ठेवलंय.

एका गॅरेजवाल्याला बोलावलं. तो म्हणाला बॉडी उतरवू, चेसिस ब्लास्टिंगला पाठवू, इंजिन पूर्ण खोलू, नवी कोरी करून देतो. मग आकडा सांगितला. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मला शोरूममधली गाडी नको आहे. आंबिया बहाराच्या तोडणीला मामांकडे घेऊन जाता यावी, कधी रामटेक-खिंडसीला जाऊन यावं, एवढंच. मी मिहानमध्ये नोकरी करते, शनिवार-रविवार मोकळे असतात. यांत्रिकी शिकलेली नाही, पण पाना धरता येतो आणि घाई नाही. भाऊ मदतीला असतो. पैसे हप्त्याहप्त्यानं घालणार.

तर सुरुवात कशापासून? इंजिन आधी की बॉडी? आणि आत्ताच्या पेट्रोलवर हे जुनं इंजिन चालतं का?

अजनीचा फोरमन

ताई, गॅरेजवाल्याला परत पाठवलं हे बरं केलं. त्याचं काम वाईट असेल असं नाही. पण पूर्ण खोललेली जीप परत उभी राहायला पैसा लागतो आणि त्याहून जास्त चिकाटी लागते. नागपुरात किती जिपा तेलाच्या डब्यांत आणि गोणपाटांत पडून आहेत, विचारू नका. खोलणारे पुष्कळ भेटतात, बसवणाऱ्याचा पत्ता नसतो. तुमच्या गाडीचं काहीच गायब नाही म्हणता, हे तिचं सगळ्यात मोठं भांडवल. ते विखरू नका. एका वेळी एकच काम उघडायचं, ते बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.

माझा क्रम सांगतो. इंजिन फिरतं का, गाडी थांबते का, थंड राहते का. मग पत्रा. रंग सगळ्यात शेवटी, आणि रंग नाही दिला तरी मला चालेल.

आता इंजिन. याला हरिकेन म्हणतात, एफ-१३४. १३४ म्हणजे घन इंच, आपल्या हिशेबानं २१९९ सीसी. याच्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून बोनेट उंच केलं. विलीजनं ही गाडी १९५३ साली काढली, तिकडे १९६८ ला बंद केली, आपल्याकडे महिंद्रानं नंतरही कितीतरी वर्षं चालवली. म्हणून घाबरू नका, सामान मिळतं.

जाम इंजिन म्हणजे प्रत्येक वेळी पिस्टन धरलेलेच असतात असं नाही. आधी गिअर खरंच न्यूट्रलमध्ये आहे का बघा. हसू नका, लोक विसरतात. मग चारही प्लग काढा, टॉर्च आणि आरसा घेऊन आत बघा. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून प्रत्येक भोकात थोडं थोडं सोडा. ॲसिटोन भडकतं, तेव्हा पोर्चमध्ये उदबत्तीसुद्धा नको. रोज संध्याकाळी पुन्हा थोडं घाला आणि विसरून जा. आठवड्यानं तिसरा गिअर टाकून गाडी दोघांनी मागेपुढे हलवून बघा, हळूच. स्टार्टर मारायचा नाही, गाडी दोरीनं ओढायची नाही. जोर केला की रिंगा तुटतात, आणि मग खोलायचं नसलेलं इंजिन खोलावं लागतं.

तरी सुटलं नाही तर संशय एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर. ते ब्लॉकमध्ये असल्यामुळे उभ्या गाडीत दमटपणानं गाइडमध्ये, म्हणजे दांडा सरकतो त्या नळीत, धरून बसतात. इंजिनच्या बाजूला टॅपेटचं झाकण आहे ते काढा, स्प्रिंगा आणि टॅपेट समोर दिसतील. कोणता व्हॉल्व्ह वरच राहिलाय ते कळेल. त्याच्या दांड्यावर तेल मारा, वाट बघा, मग बारीक हातानं खाली-वर करा.

आणि हेड काढायची पाळी आलीच तर हे लिहून ठेवा. बाहेरून दिसतात तेवढेच बोल्ट नाहीत. एक बोल्ट कार्बुरेटरच्या खाली, इनटेकच्या आत लपलेला आहे. कार्बुरेटर काढल्याशिवाय तो दिसत नाही. लोक बाहेरचे सगळे काढतात, हेड निघत नाही, मग पहार घालतात आणि हेडचा तुकडा हातात येतो. नवीन पोरांना हा बोल्ट माहीत नसतो, जुन्या मिस्त्रीला विचारलं तर तो आधी हसतो.

हॅन्डल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांडीला वेढा घालायचा नाही. उलटा झटका आला तर अंगठा जातो.

पेट्रोल. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, म्हणजे तुम्ही तिच्यावर बसता. पायाखालचा पत्रा वेल्ड करायचा आहे म्हणता, तर टाकी काढून, घराबाहेर लांब ठेवून मगच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ राहते. हे डेंटरला तुम्ही स्वतः सांगा, तो "काही होत नाही ताई" म्हणेल.

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इंजिन त्यावर चालतं, त्रास रबराला होतो. पंपाचा जुना डायाफ्राम, जुने होज, कार्बुरेटरच्या गॅस्केटी हे सगळं मऊ पडतं. होज व्हिटॉनचे घ्या, पंपाला इथेनॉल सोसणारा डायाफ्राम टाका. इथेनॉल जुना चिकटा सोडवतं, त्यामुळे पहिल्या काही टाक्यांत फिल्टर सारखा तुंबेल. टाकीनंतर एक आणि पंपाच्या आधी एक असं करत बसू नका, पंपाच्या आधी एकच चांगला, आतलं दिसणारा फिल्टर लावा. आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. कार्बुरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघा, भाजलेल्या विटेसारखा आला की झालं. महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत पेट्रोल भरून ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी तळाशी बसतं.

ब्रेकला पैसे मागेपुढे बघू नका. पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर पायाखाली चेसिसवर आहे, म्हणजे नेमका चिखल उडतो तिथं. चारही व्हील सिलिंडर उघडा, आत खड्डे पडले असतील तर पितळी स्लीव्ह बसवून घ्या किंवा नवे घ्या, नुसती रबरं बदलून भागवू नका. ही एकाच सर्किटची गाडी आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. म्हणून सगळे लोखंडी पाइप आणि सगळे होज नवे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क. आणि ब्रेकची रबरं पेट्रोलनं किंवा डिझेलनं धुवायची नाहीत, ब्रेक ऑइलनंच. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या घ्या.

थंड ठेवण्याबद्दल इंजिन चालू झाल्यावर लिहीन. वायरिंगमध्ये मला रस नाही, नवं हार्नेस बनवा, प्रत्येक लाइनला फ्यूज टाका.

हो, पाने इंची घ्या. सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश. तेराचा पाना अर्ध्या इंचावर बसतो असं वाटतं आणि मग नटाची टोकं गोल होतात. इतवारीत लोहा ओळीत सेट मिळेल.

डिझेलभाऊ_वाडी

फोरमन साहेबांचा मान राखून बोलतो, पण काहून हे सगळं करून राहिले? हरिकेन सात-आठचं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल शंभरीपार. ते इंजिन काढून कोपऱ्यात ठेवा आणि महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय डिझेल बसवा. त्याचं सामान कुठल्याही गावात मिळते. काटोलले गाडी बंद पडली तर हरिकेनचा डायाफ्राम कोण देणार?

माझ्याकडे एमएम-५४० आहे, पूजोचं २११२ सीसीचं डिझेल. आवाज करते, धूर करते, पण आजवर घरी आणून सोडते. ना पॉइंट, ना कंडेन्सर, ना कार्बुरेटर. उन्हाळ्यात पेट्रोल जीप बर्डीच्या सिग्नलवर व्हेपर लॉक होऊन (पाइपात पेट्रोलची वाफ अडकून) उभी राहते आणि मागून लोक हॉर्न मारतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

परिवहनवाला

डिझेलभाऊ, इंजिन बदलायच्या आधी कागदाचं बोला.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं नोंदवलेल्या तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. पेट्रोलचं डिझेल केलं म्हणजे इंधन बदललं, इंजिन नंबर बदलला. आरसीवर चढवून घेतलं नाही तर रस्त्यावर पोलीस थांबवतील हा छोटा त्रास, अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करेल हा मोठा.

आता ताईंसाठी. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवर झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली, अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नव्यानं नोंदणी होणाऱ्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची १९६८ ची आहे, वयात बसते. डिझेल घातलं की हा दरवाजा बंद.

पण अर्ज करायच्या आधी एक गोष्ट नीट वाचा. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. तोडणीला संत्र्याचे क्रेट घेऊन काटोलहून येणं यात बसत नाही. म्हणून माझं मत, तुमच्या वापराला साधं नूतनीकरणच बरं. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं, नमुना २५, गाडी समोर नेऊन दाखवायची, पर्यावरण कर भरायचा.

त्याआधी नाव. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारसा हक्कानं हस्तांतरण, नमुना ३१. आई आणि मामा दोघंही वारस, तेव्हा मामांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या, नात्यात सगळं गोड आहे तोवर. काटोल नागपूर ग्रामीण आरटीओत येतं, एमएच-४०. तुमचा पत्ता शहरातला, म्हणजे पत्ताबदलही लागेल. आणि पेन्सिलनं चेसिस नंबरचा छाप घेऊन ठेवा, पत्र्याचं काम काढल्यावर डेंटर त्याच्यावरूनच ग्राइंडर फिरवतो.

संत्राबाग

सगळ्यांचे आभार. डिझेलभाऊ, तुमचं ॲव्हरेजचं गणित बरोबर आहे, पण मला ही गाडी आजोबांच्या इंजिनाच्या आवाजासकट पाहिजे. प्रतिज्ञापत्राचं मामांना सांगितलं. ते म्हणाले, "भंगारात देत होतो ती वस्तू, आता स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ काय?" पण देतो म्हणाले.

फोरमन काका, इंजिन सुटलं! तुम्ही म्हणालात तसंच. प्लगच्या भोकांत ते मिश्रण घातलं, पण नुसत्या हलवण्यानं काही झालं नाही. मग बाजूचं झाकण काढलं. आत काळपट, दाट, घट्ट झालेल्या गुळाच्या पाकासारखं तेल, आणि त्यात दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वरच अडकलेला. दांड्यावर गंजाची नारिंगी कडी बसली होती. तेल मारत राहिले, भाऊ लाकडाच्या पट्टीनं दाबत राहिला. एका संध्याकाळी "टक्" झालं आणि तो खाली आला. त्यानंतर हॅन्डल फिरलं. आई आतून विचारायला आली, काय फुटलं म्हणून.

कार्बुरेटर सोलेक्सचा आहे, खोलून साफ केला. पेट्रोलच्या पाइपच्या उघड्या तोंडात कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं, अख्खा पाइपच बदलला. बाटलीतून पेट्रोल देऊन इंजिन चालूही झालं, पण धडधडतं, मधूनच चुकतं. ठिणगीच्या पॉइंटची गॅप किती ठेवायची? इंटरनेटवर दोन वेगवेगळे आकडे दिसतात.

दुसरं, गिअरबॉक्समधलं तेल झाकणाच्या वर आलंय आणि त्याच्यामागची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) जवळजवळ कोरडी. मी तर त्यात काही घातलेलंच नाही.

अजनीचा फोरमन

शाब्बास. आता तुम्हाला हेड काढायची गरज नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, आकडा किती आला यापेक्षा चारही सारखे आहेत का ते बघा.

दोन आकडे दिसतात कारण डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, दोन प्रकारचे बसलेले असतात. ऑटोलाइटचा असेल तर पॉइंट ०.०२० इंच. लुकासचा असेल तर ०.०१४ ते ०.०१६. आधी अंगावर काय कोरलंय ते वाचा. प्लगची गॅप ०.०३०. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी बदलताना तीन आणि दोन उलटे लागले की असंच धडधडतं. टॅपेट थंड इंजिनवर, इनटेक ०.०१८, एक्झॉस्ट ०.०१६. तुमचा दोन नंबर आधी तपासा, मला वाटतं तिथंच काहीतरी आहे. आणि ऑइल पंप काढू नका. डेल्को त्याच्याच शाफ्टवर फिरतो, पंप काढला की टायमिंग गेलं.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं तेल एकमेकांत जातं. मधलं सील गेलं की एकीकडचं दुसरीकडे. घाबरायचं नाही, सध्या दोन्हींची पातळी सारखी करा आणि लक्ष ठेवा, सील नंतर. तेल ९० नंबरचं, पण डब्यावर जीएल-४ लिहिलेलं. दुकानदार जीएल-५ देईल, "जास्त भारी" म्हणून. त्यातलं गंधकाचं औषध गिअर अलगद बसवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना खातं. पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका.

आता थंड ठेवण्याचं. डिझेलभाऊ सिग्नलवर उभ्या राहणाऱ्या जीपबद्दल बोलले, ते खोटं नाही. नवतपात इथं पारा ४५ च्या वर जातो आणि पेट्रोल पाइपातच उकळतं. पण दोष इंजिनाचा नाही, पाइप कुठून नेलाय त्याचा असतो. पंपापासून कार्बुरेटरपर्यंतचा पाइप सायलेन्सरच्या गरम भागापासून लांब न्या, मध्ये पत्र्याची आड लावा. रेडिएटर बाहेरून धुऊन भागणार नाही, वरची टाकी उघडून नळ्यांत सळई घालून घ्या. ब्लॉकच्या तळाचा नळ उघडा, पाणी आलं नाही तर तारेनं टोचा, आत वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. काटोलच्या विहिरीचं खारं पाणी आजोबांनी घातलं असणारच. तुम्ही मात्र डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. आणि थर्मोस्टॅट काढून फेकू नका. इकडच्या प्रत्येक मिस्त्रीला तो काढायची हौस आहे. इंजिन मग हिवाळ्यात कधी गरमच होत नाही, तेलात पाणी साठतं.

टिनकाम

पायाखालच्या पत्र्याबद्दल. जुन्यावर नवा पत्रा ठेवून चारी बाजूंनी वेल्ड मारतात, तसं करू देऊ नका. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहते आणि दोन पावसाळ्यांत परत भोक. सडका भाग कापून काढा, १६ गेजचा पत्रा कडेला कडा लावून बसवा. पुट्टी कमी. खालून रंगाआधी प्रायमर, आणि चेसिसच्या डब्याच्या आत मेणाचं तेल फवारा. आपल्याकडची काळी माती चेसिसच्या कोपऱ्यात बसली की उन्हाळ्यापर्यंत ओली राहते, पावसाळ्यानंतर प्रेशरनं धुऊन काढत जा.

डिझेलभाऊ_वाडी

ठीक आहे राजेहो, हरलो. पण ताई, गाडी चालू झाली की वाडीत दाखवायला आणा. मीही ५४० काढतो.

संत्राबाग

नक्की. तीन आणि दोनच्या वायरी खरंच उलट्या होत्या, बहुतेक खूप आधीच कोणीतरी लावलेल्या. आता इंजिन एका जागी शांत फिरतं.

ब्रेकमध्ये अडले आहे. सगळे सिलिंडर, पाइप, होज नवे. डॉट-३ घातलं, लांबचं चाक आधी घेऊन एअर काढली, पेडल छान कडक आलं. काल रात्री गल्लीतच चार चकरा मारल्या. सुरुवातीला उत्तम, नंतर गाडी जड जड वाटायला लागली, जणू कोणी मागून धरलंय. उतरून ड्रमला हात लावला तर चटका बसला. सकाळी थंड झाल्यावर परत मोकळी.

अजनीचा फोरमन

कोणते ड्रम तापले ते लिहायला हवं होतं, त्यावरच सगळं आहे.

चारही तापत असतील तर पेडल बघा. हातानं दाबून अर्धा इंच मोकळी चाल असायलाच हवी, त्यानंतर मास्टर सिलिंडरचा पिस्टन हलायला लागतो. ती चाल नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं बारीक भोक झाकलेलंच राहतं. ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला टाकीत परत जायला वाट नाही, ब्रेक आपोआप लागत जातात. थंड झालं की सुटतात. तुमचं वर्णन याच्याशीच जुळतं. पेडलच्या दांड्याची लांबी कमी करा.

मागची दोनच तापत असतील तर मागचा होज. मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच होज असतो. नवा आहे म्हणता, पण आडवा पिळून बसवला असेल तर आत वाट बंद होते. आणि एकच चाक तापत असेल तर त्याच चाकाचा ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारा) जास्त पुढे आणलाय, त्याचा ॲडजस्टर सैल करा. चाक उचलून हातानं फिरवताना हलकं घासल्याचा आवाज यावा, अडकता कामा नये.

तपासायची सोपी पद्धत. आज पुन्हा चकरा मारा. ड्रम तापले की तापलेल्या चाकाचा एअर काढायचा ब्लीड निपल थोडा सैल करा, कापड धरून. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं तर दाब आत अडकतोय, म्हणजे मास्टर किंवा होज. काहीच उडालं नाही आणि चाक तसंच घट्ट, तर शू. निपल बंद करून पुन्हा एअर काढायला विसरू नका, आणि रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतं.

संत्राबाग

पेडल तपासलं. मोकळी चाल जवळजवळ नाहीच. दांड्याचा चेकनट गंजून धरलाय, तेल मारून ठेवलं आहे. ड्रमचं आज रात्री बघून लिहिते.